‘तब्येत कशी आहे?’ : आरोग्य आणि स्वास्थ्याच्या छोट्या प्रश्नावल्या कितपत विश्वसनीय असतात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाशिकमधल्या म्हसरूळच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतले पदव्युत्तर विद्यार्थी, नाशिकच्याच सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतले मनुष्यबळ अधिकारी, गावोगावच्या आशाताई आणि त्यांच्यासोबत काम करणारे कार्यकर्ते अशा लोकांशी माझे नेहमी बोलणे होते. प्रत्येकाच्या हातात दोन, पाच किंवा नऊ प्रश्नांचा एखादा कागद असतो आणि त्यावरच्या बेरजेवर किती भरवसा ठेवावा, हा प्रश्न प्रत्येकालाच पडलेला असतो. त्यांना वेळोवेळी दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

छोटी स्वनिवेदन प्रश्नावली म्हणजे नेमके काय?

जिच्यात माणूस आपल्या तब्येतीविषयी, मनःस्थितीविषयी किंवा आयुष्यातल्या समाधानाविषयी स्वतःच उत्तर देतो आणि जी काही मिनिटांत भरून होते, ती छोटी स्वनिवेदन प्रश्नावली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने ओळखला जाणारा पाच प्रश्नांचा स्वास्थ्य निर्देशांक १९९८ सालचा आहे. त्यात गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारतात, प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण देतात आणि २५ पैकी आलेल्या बेरजेला चारने गुणून ती १०० पैकी मांडतात. नैराश्याच्या लक्षणांसाठी वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली २००१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यातल्या पहिल्या दोन प्रश्नांची पीएचक्यू-२ ही आवृत्ती २००३ मध्ये आली. एड डीनर आणि सहकाऱ्यांची जीवनसमाधान मापनी १९८५ सालची असून तिच्यात पाच विधाने आहेत. हॅडली कॅन्ट्रिल यांची ० ते १० पायऱ्यांची शिडी तर एकाच प्रश्नाची आहे: सर्वांत वरची पायरी म्हणजे तुम्हाला शक्य असलेले सर्वांत चांगले आयुष्य, सर्वांत खालची म्हणजे सर्वांत वाईट, तर आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात?

विश्वसनीयता म्हणजे काय?

जी गोष्ट मोजायची ती बदललेली नसेल तर मोजमापही बदलू नये, एवढीच विश्वसनीयतेची अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते थोडेफार बदलतेच, कारण उत्तर देणाऱ्याने प्रश्न घाईत वाचलेला असतो, आदल्या रात्रीची झोप झालेली नसते, किंवा ‘काही दिवस’ आणि ‘बरेच दिवस’ यांपैकी कशावर खूण करावी हे त्याचे ठरत नसते. या योगायोगाने घडणाऱ्या चुका एकूण गुणांमध्ये जितक्या कमी, तितकी प्रश्नावली विश्वसनीय.

द्राक्षबागायतदाराला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. निफाड-दिंडोरीकडे तोडणीच्या आधी रिफ्रॅक्टोमीटरने साखर पाहतात, तेव्हा एका मण्याचा रस काचेवर टाकून कोणी तोडणीचा दिवस ठरवत नाही. उन्हातला मणी आणि पानाआडचा मणी यांची गोडी वेगळी असते, म्हणून निरनिराळ्या वेलींवरच्या, निरनिराळ्या घडांतले मणी घेतात. प्रश्नावलीतला प्रत्येक प्रश्न हा असा एकेक मणी आहे. झोपेविषयीच्या प्रश्नात शेजारच्या लग्नाचा बँड मिसळलेला असतो, थकव्याविषयीच्या प्रश्नात कालची रात्रपाळी मिसळलेली असते. पण बरेच प्रश्न एकत्र आले की ही भेसळ एकमेकींना बऱ्याच अंशी छेद देते आणि सर्व प्रश्नांत सारखे असलेले काहीतरी शिल्लक राहते.

प्रश्न कमी केले की विश्वसनीयता किती घटते?

याचा अंदाज आधी बांधता येतो. चार्ल्स स्पिअरमन आणि विल्यम ब्राउन यांनी १९१० मध्ये स्वतंत्रपणे मांडलेले सूत्र आजही यासाठी वापरले जाते. विश्वसनीयता ० ते १ या आकड्यांत सांगतात; १ च्या जितकी जवळ तितकी चांगली. समजा, दहा प्रश्नांच्या एखाद्या मापनीची विश्वसनीयता ०.९० आहे आणि तिचे सर्व प्रश्न साधारण सारख्या दर्जाचे आहेत. त्यातले पाच ठेवले तर विश्वसनीयता सुमारे ०.८२ होते, दोन ठेवले तर ०.६४ आणि एकच ठेवला तर ०.४७. म्हणजे निम्मे प्रश्न काढूनही फारसे बिघडत नाही, पण दोन किंवा एकावर आलो की घसरण वेगाने होते. बहुतेक जाणत्या संशोधकांनी आपल्या छोट्या आवृत्त्या चार-पाच प्रश्नांच्या आसपास थांबवल्या आहेत, त्याचे एक कारण मला येथे दिसते.

मात्र हे सूत्र सर्व प्रश्न एकसारखे आहेत असे धरून चालते. प्रत्यक्षात जे दोन प्रश्न राखायचे ते नेमके निवडले तर नुकसान कमी होते. पीएचक्यू-२ मध्ये राखलेले दोन प्रश्न, कशातच रस न वाटणे आणि उदास वाटणे, हे नैराश्याच्या निदानातले गाभ्याचे दोन निकष आहेत. ते चिठ्ठ्या टाकून निवडलेले नाहीत. म्हणून एखाद्या लांब प्रश्नावलीतले आपल्याला आवडलेले तीन प्रश्न उचलून ‘लघु आवृत्ती’ तयार करू नये, असे मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगते. मूळ प्रश्नावलीची विश्वसनीयता त्या तीन प्रश्नांना वारशाने मिळत नाही.

मग छोट्या प्रश्नावल्या वापराव्यात की नाही?

वापराव्यात, पण कशासाठी वापरतो आहोत हे आधी ठरवून. या पानावरचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच असल्याने ते थोडे विस्ताराने देते.

समजा, १०० गुणांच्या एखाद्या मापनीवर लोकांच्या गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती विखुरलेले आहेत याचे माप, २० आहे आणि तिची विश्वसनीयता फक्त ०.६४ आहे. एका व्यक्तीच्या गुणांमधली प्रमाण त्रुटी, म्हणजे आकडा योगायोगाने साधारण किती चुकू शकतो ते, काढण्यासाठी १ मधून ०.६४ वजा करून त्याचे वर्गमूळ घ्यायचे आणि प्रमाण विचलनाने गुणायचे: २० गुणिले ०.६, म्हणजे १२. एखाद्याला ५० गुण मिळाले असतील तर दोन्ही बाजूंना या त्रुटीच्या सुमारे दुप्पट, म्हणजे २४ गुणांची, जागा सोडून त्याची खरी स्थिती २६ ते ७४ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते, असेच आपल्याला म्हणावे लागेल. या आकड्यावरून त्या माणसाबद्दल काही ठरवणे म्हणजे अंधारात दगड मारणे आहे.

आता तीच प्रश्नावली योग्य पद्धतीने निवडलेल्या ४०० जणांना दिली, तर त्यांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी २० भागिले ४०० चे वर्गमूळ, म्हणजे केवळ १ गुण येते. जी प्रश्नावली एका माणसासाठी निरुपयोगी ठरली, तीच चारशे जणांच्या गटाबद्दल बऱ्यापैकी नेमके काही सांगू शकते, कारण योगायोगाच्या चुका कोणाच्या वर तर कोणाच्या खाली जातात आणि सरासरीत विरून जातात. मात्र सर्वांची चूक एकाच दिशेने होत असेल, उदाहरणार्थ साहेबांच्या भीतीने सगळेच ‘उत्तम’ लिहीत असतील, तर चारशेच काय, चार हजार माणसे घेतली तरी ती चूक जात नाही.

मानसशास्त्रीय मापनाचे अभ्यासक जम नन्नली यांनी १९७८ मध्ये सुचवलेले दंडक आजही सांगितले जातात: प्राथमिक संशोधनासाठी ०.७० पुरे, पण एखाद्या व्यक्तीविषयी महत्त्वाचा निर्णय घ्यायचा असेल तर ०.९० ही किमान मर्यादा आणि ०.९५ असल्यास उत्तम. बहुतेक प्रबंधांत यातला पहिला आकडा तेवढा उद्धृत होतो आणि दुसरा वगळला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण प्रबंधातली प्रश्नावली पुढे दवाखान्यात जाते आणि तिथे गाठ एकेकट्या माणसाशी असते.

विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांत फरक काय?

विश्वसनीय प्रश्नावली तेच उत्तर पुन्हा पुन्हा देते. सप्रमाण प्रश्नावली आपल्याला हव्या त्याच गोष्टीचे उत्तर देते. ‘तुम्हाला रात्री शांत झोप लागते का?’ हा प्रश्न द्राक्षाच्या हंगामात बागेवर रात्री राखणीला असणाऱ्या माणसाला आठवडाभर रोज विचारला तरी तो ‘नाही’ असेच सांगेल. उत्तर पूर्णपणे स्थिर आहे, पण ते त्याच्या मनाविषयी नसून त्याच्या कामाविषयी आहे.

‘एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे?’ एवढ्या एकाच प्रश्नावर विसंबता येते का?

या प्रश्नाने संशोधकांनाही चकित केले आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या वृद्धांवर जाना मॉसी आणि एव्हलिन शपिरो यांनी केलेल्या अभ्यासात, जो १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला, असे दिसले की ज्यांनी आपली तब्येत वाईट असल्याचे सांगितले त्यांच्यात पुढील वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक होते, आणि वैद्यकीय नोंदींतून दिसणारे आजारपण हिशेबात घेतल्यावरही हा फरक उरत होता. एलेन आयडलर आणि येल बेन्यामिनी यांनी १९९७ मध्ये अशा २७ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा जवळजवळ सर्वांत हाच कल आढळला. माणसाला आपल्या शरीराची जी खबर असते ती तपासणीच्या कागदावर संपूर्ण उतरत नाही, असे यावरून मानायला जागा आहे. भारतातही ४५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या राष्ट्रीय पाहणीत, जिची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये सुरू झाली, हा प्रश्न विचारला गेला.

परंतु याच प्रश्नाची दुसरी बाजू अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये लक्षात आणून दिली. केरळात आयुर्मान भारतात सर्वाधिक, आणि आजारी असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाणही सर्वाधिक. उलट बिहारमध्ये आयुर्मान कमी आणि आजार सांगणारेही कमी. जिथे शिक्षण आणि दवाखाने पोहोचले आहेत तिथे लोकांना आपल्या दुखण्याची ओळख पटते. जिथे ते पोहोचलेले नाहीत तिथे गुडघेदुखी हा वयाचा भाग आणि अशक्तपणा हा बाईच्या जातीचा स्वभाव मानला जातो.

आपल्याच नाशिक जिल्ह्यात हे जपून वापरायला हवे. गंगापूर रोडवरची निवृत्त शिक्षिका आणि सुरगाण्याच्या पाड्यावरची तिच्याच वयाची बाई यांनी दोघींनी ‘ठीक’ म्हटले, तर त्या दोन ‘ठीक’ एका मापाच्या नसतात. एकाच गावातल्या, साधारण सारख्या परिस्थितीतल्या लोकांची तुलना या प्रश्नाने करता येते, किंवा त्याच माणसांची काही वर्षांच्या अंतराने. पण पेठ, सुरगाणा, निफाड आणि नाशिक शहर यांची ‘आरोग्यदायी तालुका’ म्हणून क्रमवारी लावायला हा प्रश्न वापरू नये. तशी क्रमवारी लावली तर सर्वांत दुर्लक्षित तालुका सर्वांत निरोगी दिसण्याचा धोका आहे आणि त्या क्रमवारीवर निधी वाटला गेला तर त्याचे परिणाम खऱ्या माणसांना भोगावे लागतील.

आमच्या मार्गदर्शकांनी क्रॉनबाखचा अल्फा ०.७० च्या वर हवा असे सांगितले आहे. दोन प्रश्नांच्या मापनीचा अल्फा कमी आला. काय करावे?

प्रथम घाबरू नये. मापनीतले प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे सांगणारा, ली क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला हा गुणक प्रश्नांच्या संख्येवर अवलंबून असतो. प्रश्न कमी असले की तो कमी येतो, आणि एकच प्रश्न असेल तर तो काढताच येत नाही. दोन प्रश्नांसाठी त्या दोहोंमधला सहसंबंध (दोहोंची उत्तरे किती बरोबरीने बदलतात याचे माप) आणि स्पिअरमन-ब्राउन गुणक द्यावा, आणि शक्य असल्यास त्याच लोकांना काही दिवसांनी पुन्हा विचारून पुनर्चाचणीचा सहसंबंध द्यावा. एका प्रश्नाच्या मापनीसाठी पुनर्चाचणी हाच सरळ मार्ग आहे.

उलट अल्फा ०.९५ च्या वर आला की विद्यार्थी पेढे वाटायला निघतात, पण तेव्हा मला शंका येते. ‘मी दुःखी असतो’, ‘मला दुःख वाटते’, ‘माझ्या मनात दुःख असते’ अशी तीन विधाने घातली तर अल्फा उत्तम येईल आणि नवे काहीच कळलेले नसेल. एकाच घडातले तीन मणी तपासल्यासारखे ते होईल.

आणखी एक गोष्ट प्रबंधात सहसा लिहिली जात नाही. मापने अविश्वसनीय असली की दोन गोष्टींमधला संबंध प्रत्यक्षाहून क्षीण दिसतो. खरा सहसंबंध ०.५० असेल आणि दोन मापन्यांची विश्वसनीयता ०.६४ व ०.८१ असेल, तर हाती येणारा सहसंबंध ०.३६ च असेल. ‘संबंध आढळला नाही’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हा हिशेब करावा.

पीएचक्यू-९ वर रुग्णाचे गुण मागच्या वेळी १३ होते, या वेळी १० आहेत. सुधारणा झाली असे म्हणावे का?

पीएचक्यू-९ च्या मूळ अभ्यासात ४८ तासांच्या आत पुन्हा विचारल्यावर सहसंबंध ०.८४ आला होता. आपल्याकडच्या रुग्णांच्या गुणांचे प्रमाण विचलन ५ आहे असे धरले, तर एका गुणांकनाची प्रमाण त्रुटी २ येते आणि दोन भेटींमधला फरक केवळ योगायोग नाही असे म्हणायला सुमारे साडेपाच गुणांचा फरक लागतो. वैद्यकीय व्यवहारातही ५ गुणांचा फरक अर्थपूर्ण मानण्याची पद्धत आहे, आणि ते या हिशेबाशी जुळते. तीन गुणांची घट ही आशादायक खूण म्हणून नोंदवावी, रुग्णाला त्याविषयी विचारावे आणि पुढच्या भेटीत पुन्हा पाहावे. केवळ तेवढ्यावर औषध कमी करण्याचा विचार करू नये. पाच प्रश्नांच्या स्वास्थ्य निर्देशांकासाठी १०० पैकी १० गुणांचा फरक हा असाच व्यवहारातला दंडक आहे.

आमच्या कारखान्यात सर्व कामगारांची नैराश्यासाठी चाचणी घ्यायची आहे. १० च्या वर गुण असलेल्यांना आजारी समजावे का?

नाही. मूळ अभ्यासात १० या मर्यादेवर पीएचक्यू-९ ची संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी किती जण ओळखले जातात) आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती जण बरोबर वगळले जातात) दोन्ही ८८ टक्के होत्या. समजा, हजार कामगार आहेत आणि त्यांपैकी १०० जणांना खरोखर नैराश्य आहे. चाचणी त्यांतल्या ८८ जणांना ओळखेल. पण नैराश्य नसलेल्या ९०० पैकी १०८ जणांवरही बोट ठेवेल. म्हणजे ज्यांचे गुण १० किंवा त्याहून अधिक आले अशा १९६ पैकी निम्म्याहून अधिक लोकांना तो आजार नसेल. प्रत्यक्षात नैराश्य असलेले १०० ऐवजी ५० च असतील, तर बोट ठेवलेल्या १५८ पैकी केवळ ४४ जणांना तो असेल. चाचणी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ही चाळणी आहे. चाळणीनंतर निवडणे-पाखडणे उरतेच, आणि ते काम समोरासमोर बसून बोलणाऱ्या प्रशिक्षित माणसाचे आहे.

शिवाय आपण दिलेले उत्तर मालकाच्या माणसाच्या हाती जाणार आहे हे कळले की कंत्राटी कामगार काय लिहील, हे सांगायला संशोधकाची गरज नाही. एका ठिकाणी हजेरी क्रमांक लिहिलेले अर्ज सुपरवायझरनेच वाटले आणि त्यानेच गोळा केले, असे मी पाहिले आहे. जवळजवळ प्रत्येक उत्तर ‘अजिबात नाही’ असे होते. अल्फा काढला असता तर तो कदाचित चांगलाही आला असता. अशी पाहणी करायची असेल तर ती बाहेरच्या संस्थेमार्फत, नाव न घेता आणि निकाल केवळ विभागवार सरासरीने देण्याच्या अटीवर करावी. मदत हवी असलेल्याला स्वतःहून जाता येईल असा वेगळा मार्ग ठेवावा.

इंग्रजी प्रश्नावलीचे मराठी भाषांतर केले तर विश्वसनीयता तीच राहते का?

तशी राहील असे गृहीत धरता येत नाही. एकाने मराठीत आणावे, दुसऱ्याने मूळ न पाहता परत इंग्रजीत न्यावे, दोघांनी मिळून फरक तपासावेत आणि मग पंधरा-वीस सामान्य माणसांना प्रश्न वाचून दाखवून ‘तुम्हाला यातून काय समजले?’ असे विचारावे, ही रीत आहे. शेवटची पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते आणि सर्वाधिक शिकवते तीच.

‘रुची किंवा आनंद कमी वाटणे’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण माणसे म्हणतात ‘कशातच मन लागत नाही’. ‘चिंताग्रस्त’ हा शब्द छापण्यासाठी आहे. बोलताना ‘टेन्शन येतं’ किंवा ‘जीव घाबरा होतो’ असे म्हणतात, आणि या दोहोंचा अर्थही एक नाही. ‘गेल्या दोन आठवड्यांत’ याऐवजी ‘गेल्या पंधरा दिवसांत’ म्हटले की उत्तर लवकर येते, आणि ‘मागच्या एकादशीपासून’ म्हटले की काही घरांत अधिक नेमके येते. नकारार्थी विधानांवर नकारार्थी पर्याय आले की तर विचारूच नये: ‘मला उत्साह वाटत नाही’ याला ‘कधीच नाही’ असे उत्तर दिले तर उत्साह आहे की नाही, हे शिकलेल्या माणसालाही थांबून ठरवावे लागते. अशा एका विधानाने साऱ्या मापनीची विश्वसनीयता खाली ओढली जाते आणि दोष मात्र उत्तर देणाऱ्यांवर जातो.

सटाणा-मालेगावकडे अहिराणी, पेठ-सुरगाण्याकडे कोकणा बोलणारी घरे आहेत. तिथे छापील मराठी ही अनेकांसाठी शाळेची भाषा आहे. त्या भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी प्रत्येकाने आपापल्या परीने घरोघरी भाषांतर करण्यापेक्षा एकदा एकत्र बसून शब्द ठरवून घ्यावेत आणि लिहून ठेवावेत. पीएचक्यू-९ वापरायला किंवा भाषांतरित करायला परवानगी लागत नाही. आरोग्याशी निगडित जीवनमान मोजणाऱ्या ईक्यू-५डी सारख्या काही प्रश्नावल्यांसाठी मात्र आधी नोंदणी करावी लागते.

उत्तर देणाऱ्याला वाचता येत नसेल आणि आशाताईंनी विचारून लिहिले तर चालेल का?

चालेल, पण ती आता वेगळी प्रश्नावली झाली असे समजावे, आणि अहवालात तसे लिहावे. ओळखीच्या बाईसमोर मन मोकळे होते, तसेच ओळखीच्या बाईसमोर घरातले झाकलेही जाते. सासू ओसरीवर बसलेली असताना सुनेला ‘तुम्हाला उदास वाटते का?’ असे विचारून काही हाती लागत नाही. पाणी भरायला किंवा बालवाडीकडे जाताना सोबत चालत विचारलेले बरे. ‘कसं काय, मन ठीक आहे ना?’ असे विचारले तर उत्तर आपणच देऊन टाकलेले असते, म्हणून प्रश्न कागदावर आहे तसाच, सर्व पर्यायांसह वाचावा. कॅन्ट्रिल यांची शिडी अशा वेळी चांगली चालते, असा माझा अनुभव आहे. कागदावर शिडी काढून बोट ठेवायला सांगितले की अक्षरांची अडचण उरत नाही.

एकाच गावात ऑक्टोबरमध्ये आणि मार्चमध्ये वेगवेगळे गुण आले. प्रश्नावली अविश्वसनीय समजावी का?

ऑक्टोबर छाटणीच्या वेळी बागायतदार कर्जाच्या आणि आशेच्या टोकावर असतो. मार्चमध्ये माल निघालेला असतो, किंवा अवकाळी पाऊस आणि गारपिटीने गेलेला असतो. गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारणारी प्रश्नावली हे दोन महिने सारखेच दाखवू लागली, तर तिच्यावरच संशय घ्यावा लागेल. पुनर्चाचणी घ्यायची असेल तेव्हा अंतर इतके ठेवावे की मागचे उत्तर पाठ नसावे आणि आयुष्यही बदललेले नसावे. मनःस्थितीसाठी हे अंतर दोन दिवस ते दोन आठवडे इतके असते. जीवनसमाधानासारख्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टीसाठी ते महिनाभरही चालते. दोन तालुक्यांची तुलना करायची असेल तर दोन्हीकडे एकाच पंधरवड्यात विचारावे.

ज्यांचे गुण सर्वांत वाईट होते त्यांच्यासाठी योगशिबिर घेतले आणि सर्वांचे गुण सुधारले. शिबिराचा परिणाम मानावा का?

फक्त एवढ्यावरून नाही. ज्यांचे गुण सर्वांत वाईट आले त्यांच्यात काही जण असे असतात की ज्यांचा तो दिवसच वाईट होता. त्यांना पुन्हा विचारले की काहीही न करता त्यांचे गुण सरासरीकडे सरकतात, आणि प्रश्नावली जितकी छोटी व अविश्वसनीय, तितके ते अधिक सरकतात. शिबिराला न आलेल्या, पण तितकेच वाईट गुण असलेल्या लोकांनाही त्याच तारखांना विचारावे आणि दोन गटांतला फरक पाहावा.

मोबाइलवरचा फॉर्म आणि कागद यांत फरक पडतो का?

शिकलेल्या, मोबाइल सरावाच्या लोकांत फारसा पडत नाही. एका पडद्यावर एकच प्रश्न ठेवावा आणि सर्वांना एकच पद्धत द्यावी. अर्ध्यांना कागद आणि अर्ध्यांना मोबाइल असे करू नये.

पीएचक्यू-९ मधल्या नवव्या प्रश्नाला कोणी ‘हो’ म्हटले, पण बेरीज कमी आली तर?

तेव्हा बेरीज बाजूला ठेवावी. नववा प्रश्न मरून जावे असे वाटण्याविषयी किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. एका प्रश्नाच्या विश्वसनीयतेची सगळी चर्चा येथे गैरलागू आहे, कारण येथे चुकून काळजी घेतली गेली तर नुकसान अगदी कमी आणि चुकून दुर्लक्ष झाले तर ते भरून न येणारे. ‘काही दिवस’ असे उत्तर आले तरी त्याच भेटीत, एकांतात, शांतपणे त्याविषयी थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जातो ही भीती निराधार आहे. त्या माणसाला एकटे न सोडता घरातल्या विश्वासाच्या व्यक्तीला सोबत घ्यावे आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. हा क्रमांक प्रत्येक अर्जाच्या खाली छापावा, उत्तर काहीही आले तरी तो सर्वांकडे राहावा. ज्यांच्याकडे पुढे पाठवण्याची सोय नाही त्यांनी नववा प्रश्न विचारण्याआधी ती सोय करावी. विचारायचे आणि कागद कपाटात ठेवायचा, हे मला मान्य नाही.

थोडक्यात, कोणती प्रश्नावली निवडावी?

गटाचे एकंदर स्वास्थ्य पाहायचे असेल तर पाच प्रश्नांचा स्वास्थ्य निर्देशांक. त्यातली सर्व विधाने सकारात्मक असल्याने लोक बिचकत नाहीत. नैराश्याची चाळणी करायची असेल तर आधी पीएचक्यू-२, आणि ६ पैकी ३ किंवा अधिक गुण आले तर उरलेले सात प्रश्न. मोठ्या पाहणीत जागा अगदी कमी असेल तर तब्येतीचा एक प्रश्न आणि शिडी. एका रुग्णाचा पाठपुरावा करायचा असेल तर या छोट्या मापन्यांपैकी कोणतीही एकटी पुरत नाही.

पर्याय वाचून दाखवले तरी माणूस नुसते ‘बरं आहे’ म्हणून थांबला, तर काय लिहायचे?

‘बरं आहे’ हे आपल्याकडे उत्तर असतेच असे नाही. पुष्कळदा ते ‘या, बसा’ याच्या जातीचे शिष्टाचाराचे बोलणे असते. म्हणून ते ऐकताच ‘चांगली’ किंवा ‘ठीक’ यावर खूण करू नये, आणि मधला पर्याय भरून तर मुळीच टाकू नये. एकदा थांबून सर्व पर्याय पुन्हा वाचावेत आणि ‘यातलं कोणतं लिहू?’ असे विचारावे. तरीही निवड झाली नाही तर ‘उत्तर नाही’ असेच नोंदवावे आणि अशा नोंदी किती झाल्या ते अहवालात सांगावे. दिंडोरी तालुक्यातल्या एका आजींनी मला दोनदा ‘बरं आहे बाई’ असेच सांगितले. मी ‘उत्तर नाही’ लिहून वही मिटली आणि चहा घेऊ लागले, तेव्हा त्यांनी पदराने पायाची जखम झाकत विचारले, की साखर असलेल्या माणसाची जखम किती दिवसांत भरते.